रंगीत छापयंत्र आणि कचेरीचा हिशेब

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढें कोणती तरी मेजवानी असेल. परंतु आजच्या काळीं ती ज्या वस्तूस सर्वांत चपखल लागू पडते, ती वस्तु स्वयंपाकघरांत नसून कचेरींत आहे. ती म्हणजे छापयंत्र. बाजारच्या भाषेंत प्रिंटर. कोंबडी एकदांच घ्यावयाची असते; मसाला मात्र दर कांहीं महिन्यांनीं आणावा लागतो, आणि यंत्र विकत घेतांना त्या मसाल्याचा भाव फार थोडे लोक विचारतात. लहान कचेरीसाठीं रंगीत लेझर प्रिंटर घ्यावा कीं न घ्यावा, आणि घ्यावयाचाच झाला तर कोणत्या कसोटीवर, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पनवेलसारख्या गांवीं हा प्रश्न विशेष निकडीचा झाला आहे. १८५२ सालीं जेथें नगरपालिका स्थापन झाली, तें हें जुनें व्यापारी गांव १ ऑक्टोबर २०१६ रोजीं महानगरपालिकेचें शहर बनलें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाल्यापासून आसपासच्या भातखांचरांचें रूप पालटत गेलें. पुढें पुण्याकडे जाणारा द्रुतगति महामार्ग झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. जमिनीला भाव आला म्हणजे कागदालाही भाव येतो. सातबाराचे उतारे, फेरफार, खरेदीखतें, साडेबारा टक्के योजनेंतील भूखंडांचीं पत्रें, मोजणीचे नकाशे, यांचे गठ्ठे बांधणाऱ्या दोन-चार माणसांच्या कचेऱ्या त्यामुळें या शहरांत गल्लोगल्लीं दिसतात. वकील, वास्तुविशारद, हिशेबनीस, मालमत्तेचे दलाल, या साऱ्यांचे धंदे निराळे. पण कोपऱ्यांतल्या टेबलावरचें यंत्र सारखेंच.

अशी एक कचेरी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. जमिनीच्या कामांत मुरलेले एक वकील, त्यांचा एक तरुण सहाय्यक, आणि तीस वर्षें दप्तर सांभाळीत आलेले एक कारकून, ज्यांना सारे अण्णा म्हणतात. जुना काळा छापणारा प्रिंटर आतां थकला आहे. नवें यंत्र घ्यावयाचें तर तें छापणारें, नक्कल काढणारें, स्कॅन करणारें आणि शिवाय रंगीत असावें, असें वकीलसाहेबांच्या मनांत आहे. सहाय्यकानें एक स्वस्त यंत्र पसंतही करून ठेवलें आहे. अण्णांनीं चष्मा पुसला आणि एवढेंच विचारलें, “साहेब, यंत्राची किंमत कळली. पानाची किंमत किती?”

या प्रश्नाचें महत्त्व समजण्यासाठीं यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. छपाईचा खरा प्रश्न शाईचा, ही गोष्ट मुंबईला फार जुनी आहे. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पहिलें मराठी पंचांग छापलें; शाईंतल्या चरबीचा विटाळ नको, म्हणून त्यांनीं तूप वापरून शाई सिद्ध केली, असें सांगतात. लेझर प्रिंटरची शाई तर ओली नसतेच. ती रंगीत प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म भुकटी असते. तिलाच टोनर म्हणतात. चेस्टर कार्लसन यानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागांत विजेच्या आकर्षणानें कोरडी नक्कल काढून दाखविली. १९५९ सालीं झेरॉक्सचें यंत्र बाजारांत आलें, आणि त्या व्यापारी नांवाचा मराठींत सामान्य शब्दच होऊन बसला. पुढें त्याच कंपनींत गॅरी स्टार्कवेदर यानें लेझर किरणाची जोड देऊन लेझर प्रिंटर सिद्ध केला. या यंत्रांत एका गोल नळीवर, म्हणजे ड्रमवर, किरणानें अक्षरांची विद्युत् प्रतिमा उमटते. तिला भुकटी चिकटते. भुकटी कागदावर उतरते. आणि सुमारें २०० अंश उष्णतेच्या रुळाखालीं वितळून कागदाशीं एकजीव होते. काळ्या यंत्रांत हा संसार एकाच भुकटीचा. रंगीत यंत्रांत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार भुकट्यांचा. म्हणजे मसालाही चौपट प्रकारचा.

असें असतांही पनवेलच्या हवेंत लेझरला एक मोठा गुण आहे. साध्या पाण्याच्या शाईनें छापलेल्या कागदावर पावसाचा एक थेंब पडला तरी अक्षर फुटतें. लेझरचें अक्षर भिजूनही पसरत नाहीं. पावसाळ्यांत पिशवींतून न्यायालयांत नेलेल्या कागदपत्रांचें काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या गुणाची थोरवी निराळी सांगावयास नको.

आतां अण्णांच्या प्रश्नाकडे वळावें. यंत्र घेण्यापूर्वीं एक महिना त्यांनीं एक वही घातली. प्रत्येक छापलेल्या पानाची नोंद त्यांत दोन रकान्यांत झाली: काळें आणि रंगीत. रंगीताचे आणखी दोन भाग केले. जेथें रंग हाच अर्थ आहे, तो पहिला भाग. विकास आराखड्यांत जमिनीचा उपयोग रंगावरूनच ओळखावयाचा असतो. बांधकामाच्या नकाशांत नियोजित काम तांबड्या रंगानें आणि पाडावयाचें काम पिवळ्या रेघांनीं दाखविण्याची रीत आहे. असा नकाशा काळा छापला तर तो मुका होतो. जेथें रंग हा केवळ अलंकार आहे, तो दुसरा भाग: पत्राच्या माथ्यावरील नांव, ईमेलांतील चित्रें, सणाच्या शुभेच्छा. महिन्याअखेर वही सांगूं लागली. काळीं पानें ८००; अर्थाचीं रंगीत पानें १००; आणि अलंकाराचीं जीं पानें होतीं, तीं काळीं छापलीं असतां कोणाचेंही कांहीं अडलें नसतें. प्रत्येक कचेरीचे आंकडे अर्थातच निराळे येतील. वही मात्र प्रत्येकीनें घालावी.

वही हातीं घेऊन दुकानदाराकडे तीन पर्याय मागावेत. आंकडे उदाहरणादाखल धरावे. रीत मात्र खरी आहे. पहिलें यंत्र ३०,००० रुपयांचें. त्यावर काळें पान ३ रुपयांस, रंगीत १५ रुपयांस पडतें. दुसरें ४५,००० रुपयांचें. काळें पान दीड रुपयास, रंगीत ८ रुपयांस. तिसरा पर्याय १८,००० रुपयांच्या केवळ काळ्या यंत्राचा, काळें पान दीड रुपयास. आणि रंगीत पानें बाहेरच्या दुकानांतून १० रुपयांप्रमाणें. कागदाचा खर्च तिन्हींकडे सारखाच म्हणून सोडून दिला आहे.

पहिल्या यंत्राचा मासिक खर्च ३,९०० रुपये येतो, दुसऱ्याचा २,०००. म्हणजे स्वस्त दिसणाऱ्या यंत्रानें वांचविलेले १५,००० रुपये आठव्या महिन्यांतच परत खाऊन टाकले. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर पहिलें यंत्र १,७०,४०० रुपयांस पडतें, दुसरें १,१७,००० रुपयांस. आणि तिसरा पर्याय? महिन्याला २,२०० रुपये धरून तीन वर्षांस अवघे ९७,२०० रुपये. सहाय्यकाचें स्वस्त यंत्र सर्वांत महाग ठरलें, आणि वकीलसाहेबांच्या रंगीत यंत्राचीही हिशेबाच्या कसोटीवर हार झाली. पुष्कळ लहान कचेऱ्यांचा निकाल येथेंच लागतो, आणि तो प्रामाणिकपणें मान्य करावा. रंग कमी लागत असेल तर काळें यंत्र घ्यावें आणि शेजारच्या दुकानास चार पैसे मिळूं द्यावे.

पानाची किंमत काढतांना मात्र तीन गोष्टी विसरूं नयेत. नव्या यंत्राबरोबर येणारी टोनरची पेटी पुष्कळदां अपुरी भरलेली असते. पूर्ण पेटीची किंमत व तिचीं पानें निराळीं विचारावींत. पेटीवर छापलेली पानांची संख्या पानाचा सुमारें विसावा हिस्साच शाईनें भरतो, असें धरून दिलेली असते. भरगच्च नकाशे छापणाऱ्यास ती कधींही मिळणार नाहीं. आणि ड्रमही झिजतो, त्याचें आयुष्य व मोल हिशेबांत धरावें. कांहीं रंगीत यंत्रें तर एक रंग संपला म्हणजे काळें पान छापावयासही नकार देतात. हा स्वभाव विकत घेण्यापूर्वींच विचारून घ्यावा.

आणखी कांहीं गोष्टी डोळ्यांनीं पाहून घ्याव्या. लहान कचेरीचीं बहुतेक रंगीत यंत्रें ए-फोर व लीगल कागदच घेतात. ए-थ्री आकाराचा नकाशा त्यांत जात नाहीं, आणि त्या आकाराचें यंत्र पुष्कळ महाग असतें. मोठ्या नकाशांसाठीं यंत्र घेतलें आणि तेच त्यांत मावेनात, अशी फजिती टाळावी. कागदाच्या दोन्ही बाजूंस आपोआप छापण्याची सोय हवी. सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ए-फोर कागद व दोन्ही बाजूंची छपाई स्वीकारल्यापासून तिचें महत्त्व वाढलें आहे. स्कॅनचा कागद आपोआप ओढला जातो ना, आणि एकाच फेरींत त्याच्या दोन्ही बाजू उतरतात ना, हें जुनीं दप्तरें स्कॅन करणाऱ्यानें अवश्य पहावें. तापणाऱ्या रुळाला एकाएकीं पुष्कळ वीज लागते; म्हणून संगणकाच्या लहान यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडूं नये, भिंतींतल्या चांगल्या प्लगवर जोडावा. पावसाळ्यांत सर्दावलेला कागद वांकतो व आंत अडकतो. रीम फोडल्यावर उरलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावा. आणि यंत्र जमिनीवर कधींच ठेवूं नये. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत गाढी नदीचें पाणी पनवेलच्या सखल भागांत कसें शिरलें होतें, तें जुन्या रहिवाशांस आठवत असेल. शेवटचा प्रश्न दुरुस्तीचा. बिघाड झाल्यास माणूस पनवेलांत येतो कीं यंत्रालाच मुंबईस पाठवावें लागतें, हें आधीं विचारावें. अडलेल्या कचेरीला स्वस्ताईचा कांहींच उपयोग नसतो.

इतका हिशेब झाल्यावर वकीलसाहेबांनीं काळें यंत्र घेण्याचें ठरविलें. त्याच सायंकाळीं अण्णा एका शेतकरी पक्षकाराचा रंगीत नकाशा छापून आणण्यासाठीं दुकानांत गेले. दुकानदार भला माणूस; पण गर्दी फार. त्याच्या संगणकावर कागदांची यादी उघडीच होती, आणि तींत अण्णांना ओळखीचें एक नांव दिसलें. आठ दिवसांपूर्वीं याच कचेरीनें पाठविलेलें एक खरेदीखत, आधारपत्रिकेच्या नकलेसह, तेथें जसेंच्या तसें पडून होतें. मागें उभ्या असलेल्या रांगेंतल्या कोणालाही तें वाचतां आलें असतें. ज्या जमिनीवर दोन भाऊ वर्षानुवर्षें भांडत होते, तिचाच तो कागद होता.

अण्णा परत आले आणि म्हणाले, “साहेब, हिशेब माझाच; पण त्यांत एक रकाना राहिला. लोक आपल्याकडे कागद ठेवतात, ते आपल्यावर विश्वासून.”

वकीलसाहेबांनीं वही पुन्हां उघडली. दुसऱ्या व तिसऱ्या पर्यायांतला फरक तीन वर्षांस १९,८०० रुपये होता. म्हणजे महिन्याला बरोबर ५५० रुपये. पक्षकारांचे कागद परक्या माणसाच्या संगणकावर जाऊं नयेत, याची किंमत महिन्याला ५५० रुपये. ती त्यांना जड वाटली नाहीं. त्यांनीं दुसरें यंत्र घेतलें.

घरचें यंत्र म्हणजे आपोआप गुप्तता, असें मात्र कोणीं समजूं नये. यंत्र कचेरीच्या वायफायला जोडतांना त्याचा कारखान्यांतला सांकेतिक शब्द बदलावा; स्मृति असलेलें यंत्र विकतांना वा परत करतांना ती पुसून घ्यावी. स्वतः यंत्रही कांहीं नोंद ठेवतें. २००५ सालीं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनें दाखवून दिलें कीं, कांहीं रंगीत लेझर यंत्रें प्रत्येक पानावर डोळ्यांस न दिसणारे पिवळे ठिपके उमटवितात, आणि त्यांत यंत्राचा अनुक्रमांक व छपाईची वेळ दडलेली असते. आणि रिकाम्या झालेल्या पेट्या कचराकुंडींत टाकूं नयेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर व त्याच्या पेट्याही येतात, तेव्हां त्या अधिकृत संकलकाकडे द्याव्या.

अण्णांची वही त्या कचेरींत आजही चालू आहे. रंगीत पान छापण्यापूर्वीं प्रत्येकानें त्यांत एक शब्द लिहावयाचा असतो: ‘अर्थ’ किंवा ‘अलंकार’. दुसरा शब्द लिहितांना सहाय्यकाचा हात हल्लीं थोडा थांबतो, आणि पुष्कळदां तो पान काळेंच छापतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरेंच. पण अंथरुणाची लांबी एकदां स्वतः मोजून घेतली म्हणजे पाय कोठवर पसरावयाचे, हें दुकानदारास विचारावें लागत नाहीं.