तिसरी पाळी आणि कामगाराची प्रकृती



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस आमंत्रण धाडले तेव्हा व्याख्यानाची वेळ सायंकाळी साडेसहाची असल्याचे कळविले होते. ती वेळ वाचून आम्हांस थोडे हसू आले. आजचा विषय ज्यांच्यासंबंधी आहे त्यांतील काही मंडळी ह्या घटकेस दुसऱ्या पाळीवर यंत्रापाशी उभी आहेत, काही तिसऱ्या पाळीच्या आधी डोळा लागतो का ते पाहत अंथरुणावर पडली आहेत, आणि जी मोकळी आहेत ती पहाटे साडेचारला उठलेली असल्यामुळे जांभया देत आहेत. तेव्हा आज आपण त्यांच्याविषयी त्यांच्या माघारीच बोलणार, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आम्ही गिरणगावातील चाळीत वाढलो आणि पुढे पिंपरी-चिंचवडच्या एका कामगारवस्तीत दवाखाना घातला. पंचवीस-तीस वर्षे रोगी तपासल्यावर माणसास आपल्याला सारे कळते असे वाटू लागते. तसे आम्हांसही वाटत होते. तो भ्रम कसा उतरला ते सांगावयास हवे, कारण आजचे सारे बोलणे त्यातून निघाले आहे.

आमच्याकडे मधुमेहाचा एक रोगी येत असे. वय पंचेचाळीसच्या आसपास, कामाला चोख, वागण्यात नेमस्त. आम्ही त्यास साखर उतरविणारी गोळी दिली आणि चिठ्ठीवर नेहमीप्रमाणे लिहिले: सकाळी एक, रात्री एक. पंधरा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास त्याची बायको आणि शेजारी त्यास रिक्षात घालून घेऊन आले. अंग घामाने निथळत होते, बोलणे असंबद्ध. साखरेचे पाणी पाजले, शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा तो शुद्धीवर आला. आम्ही रागावून विचारले, "गोळी घेऊन जेवला नाहीत का?" तेव्हा बाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यांची तिसरी पाळी चालू आहे. सकाळी साडेसातला घरी आले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि झोपले. झोपायच्या आधी कोण जेवतं?"

चिठ्ठी बिनचूक पाळली गेली होती! चूक चिठ्ठीची होती. ज्या माणसाची सकाळ म्हणजे निजावयाची वेळ, त्यास आम्ही आमच्या सकाळीचे औषध दिले होते. त्या दिवसापासून नाडीला हात लावण्यापूर्वी आम्ही विचारतो, "ह्या आठवड्यात पाळी कोणती?"

आता हे पाळीचे प्रकरण आले कोठून? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात रविवारची सुटी होती आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे असेही होते. रविवारची सुटी 1890 साली मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र विजेने पुसून टाकली. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला गेला. त्यावरून ओरड झाली आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले. तास कमी झाले हे फार मोठे काम झाले. पण ते तास दिवसाचे की रात्रीचे, ह्याचा हिशेब देहाने स्वतःच ठेवावयाचा होता.

आणि देह तो ठेवतो. द मेरान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1729 साली लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसताही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे वेळ सांगणारे काहीतरी रोपाच्या आतच असले पाहिजे. माणसाचेही तसेच. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या शिरा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका ह्या घड्याळाचे काम करतो. पेशींच्या आत ते कसे चालते हे उलगडल्याबद्दल 2017 साली हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील क्लाइटमन ह्या निद्राशास्त्रज्ञाने 1938 साली एका साथीदारासह केंटकीमधील मॅमथ गुहेत महिनाभर राहून अठ्ठावीस तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण साथीदाराचा देह नव्या दिवसाशी जुळला. क्लाइटमनचा, वय त्रेचाळीस, शेवटपर्यंत जुळला नाही. आमच्या दवाखान्यात चाळिशी उलटलेले कामगार "आता रात्रपाळी झेपत नाही" म्हणतात, त्यांस आळशी ठरविणाऱ्या सुपरवायझरांनी ही गुहा जरूर लक्षात घ्यावी.

पहाटे चारच्या आसपास देहाची उष्णता सर्वांत खाली असते आणि लक्षही तसेच ढळलेले. त्या वेळी पोट म्हणते, आता काही नको. पण उभे राहावयाचे तर काहीतरी हवे, म्हणून चहा आणि वडापाव. रात्री खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तातून दिवसासारखी लवकर हटत नाही, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. तोच वडा दुपारी कमी उपद्रव देतो. चहाची गोष्ट आणखी मौजेची. त्यातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश पाचएक तासांनीही अंगात असतो. म्हणजे चारला घेतलेला चहा नऊ वाजता अंथरुणात सोबतीला येतो. मग घराबाहेर भाजीवाला ओरडतो, शेजारी मिक्सर लागतो, मूल शाळेतून येते, आणि झोप पाच तासांवर तुटते.

तंबाखूविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. आमचे वडील गिरणीत होते. आत विडी ओढण्यास मनाई, कारण सगळीकडे कापूस. म्हणून चुना-तंबाखूची डबी. वडील म्हणत, ती तोंडात असली म्हणजे पहाटे डोळा मिटत नाही. घरी आल्यावर तीच तंबाखू दुसऱ्या कामाला. आतडीही घड्याळाप्रमाणे चालतात. उठल्यावर आणि खाल्ल्यावर ती जागी होतात. ज्याचे उठणे आणि खाणे दर आठवड्याला बदलते त्याचे पोट साफ होण्याची वेळ ठरत नाही. त्यात चाळीचे सामाईक संडास आणि बाहेर डबे घेऊन उभी रांग. तंबाखूची चिमूट किंवा मिश्री लावल्याशिवाय कळच येत नाही, असे कित्येक रोगी आम्हांस सांगतात. आम्ही त्यांस कर्करोगाची चित्रे दाखवितो. ते मान डोलावतात आणि जाताना डबी चाचपतात. वडिलांनी ती शेवटपर्यंत सोडली नाही. आम्ही तेव्हा त्यांच्याशी भांडत असू. आज वाटते, भांडण डबीशी होते, तिसऱ्या पाळीकडे आमचे लक्षच गेले नाही.

कर्करोगाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 साली देहाचे घड्याळ बिघडविणारे पाळीचे काम "बहुधा कर्करोगकारक" ह्या वर्गात घातले, आणि 2019 साली पुन्हा पाहणी करून रात्रपाळी त्याच वर्गात ठेवली. "बहुधा" ह्या शब्दाचे वजन नीट ध्यानात घ्यावे. पुरावा सर्व बाजूंनी एकसारखा नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि हसण्यावारी नेण्याचेही नाही. लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार ह्यांच्याशी असलेला संबंध त्याहून रोजच्या अनुभवातला आहे.

मग करावे काय? लवकर निजावे, लवकर उठावे, वेळेवर जेवावे, हा शाळेतील धडा येथे चालत नाही. आम्ही रोग्यांस एवढेच सांगतो: मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्या, मध्यरात्रीनंतर पोटभर खाऊ नका, घरचे थोडे न्या. चहा रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात संपवा. परत येताना काळा चष्मा लावा. उन्ह डोळ्यांत गेले की घड्याळ म्हणते, सकाळ झाली. पेंग येत असेल तर मोटारसायकल न काढता कंपनीच्या बसने या. खोली अंधारी करा. औषधाच्या वेळा मात्र स्वतः बदलू नका, डॉक्टरांना पाळी सांगून बदलून घ्या. हे सगळे एका खोलीच्या बिऱ्हाडात पाचजणांनी राहून कसे करावयाचे, असे एका बाईने आम्हांस विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

काही गोष्टी कामगाराच्या हातातल्या नाहीतच. पाळ्या फिरवावयाच्या तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशा पुढे फिरवाव्या. आपले आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे त्यास मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे सोपे जाते. ह्यास कारखानदारास पैसा लागत नाही, कागदावरचा क्रम बदलावा लागतो. रात्री वीस मिनिटांची डुलकी घेऊ देणे हेही तसेच. उपाहारगृहात दुपारी भाजी-पोळी आणि रात्री मात्र उरलेली भजी, हा भेद कशासाठी?

आणि काही आपल्या, म्हणजे ह्या सभागृहात बसलेल्या गावकऱ्यांच्या हातात आहेत. आमच्या दवाखान्यासमोरच्या चौकात दुपारी एक वाजता कसल्या ना कसल्या कार्यक्रमाचा कर्णा सुरू होतो. त्या वेळी चौकाभोवतीच्या खोल्यांत किती माणसे निजलेली असतात ह्याची दाद मंडळाच्या चालकांना नसते. रात्री दहानंतर कर्णा बंद असावा हे आपण मान्य केले. दुपारची रात्र मात्र कोणाच्या हिशेबात नाही. आम्ही मंडळाच्या अध्यक्षांना जाऊन भेटलो. ते सज्जन आहेत. म्हणाले, "डॉक्टर, कोणी तक्रारच करीत नाही." आम्ही म्हटले, "करणार कसे? तुमच्या बैठका रात्री नऊला, तेव्हा ते कामाला निघण्याच्या तयारीत असतात." पुढची बैठक रविवारी सायंकाळी ठेवू असे त्यांनी कबूल केले आहे. वस्तीतल्या दोघा-तिघांना आम्ही कळविले. त्यांतील एकाची त्या रविवारी पाळी आहे, दुसरे दोघे येतो म्हणाले आहेत.