सेल्टा आत्ताच करू, की थांबू?

लोकलमध्ये दांडी धरून ऐकत असाल नाहीतर मेसच्या रांगेत, आजचा विषय थोडा खिशाशी संबंधित आहे. इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट कधी करायचं? करायचं की नाही यावर बोलणारे खूप आहेत. कधी, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. टी. वाय. बी. ए., विषय इंग्रजी. म्हणतो, "सेल्टा करून परदेशात शिकवायला जायचंय. फी लाखाच्या वर आहे. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. या सुट्टीत करून टाकू का?"

मित्रा, बाबांना सांग, एफडी अजून वर्षभर राहू द्या.

कारण सांगतो. सेल्टा म्हणजे केंब्रिजचं सर्टिफिकेट. मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवायचं, याचा हा कोर्स. वयाची अट १८. त्याला डिग्री लागतेच असं नाही, बारावीनंतर कॉलेजला जाण्याइतकं शिक्षण असलं तरी अर्ज करता येतो. इथंच गंमत होते. सेल्टाला डिग्री लागत नाही, पण व्हिसाला लागते! व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिक्षक म्हणून वर्क परमिट काढायचं तर पदवी आणि शिकवण्याचं सर्टिफिकेट, दोन्ही मागतात. थायलंडच्या शाळांमध्येही पदवीशिवाय गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे टी. वाय.च्या आधी सेल्टा केलं, तर सर्टिफिकेट कपाटात आणि तू निकालाची, मग पदवी प्रमाणपत्राची, मग त्यावरच्या शिक्क्यांची वाट बघत घरात. त्यात वर्ष सहज जातं.

सर्टिफिकेटची मुदत संपत नाही हे खरं. पण हात बसलेला असतो ना, तो जातो. हा कोर्स पोहण्यासारखा आहे. शिकलात आणि वर्षभर पाण्यातच उतरला नाहीत, तर काय होतं तुम्हाला माहितीये.

आता या कोर्समध्ये एवढं असतं तरी काय? पूर्णवेळ केलात तर चार ते पाच आठवडे. साधारण १२० तासांचं काम ट्रेनरबरोबर, चार लेखी असाइनमेंट्स, आणि मुख्य म्हणजे सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं. मागे ट्रेनर वही घेऊन बसलेला, शेजारी तुमच्यासारखेच इतर शिकाऊ शिक्षक. तास संपला की सगळ्यांसमोर चर्चा: काय जमलं, काय नाही. त्या रात्री पुढच्या तासाची तयारी. त्यामुळे नोकरी सांभाळून पूर्णवेळ कोर्स करण्याचा विचार सोडा. अर्धवेळ असतो, काही महिन्यांचा, तो बघा. ऑनलाइनही होतो, सर्टिफिकेट तेच.

त्या सहा तासांत काय बदलतं, त्याचं एक उदाहरण देतो. आपल्याकडे शिक्षक विचारतात, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽऽ!" निम्म्यांना काही कळलेलं नसतं. सेल्टामध्ये हा प्रश्न विचारलात की ट्रेनरची भुवई वर. त्याऐवजी कळलंय की नाही हे उघडं पडेल असे छोटे प्रश्न विचारायला शिकवतात. समजा वाक्य आहे, 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.' मग विचारायचं: हा माणूस आता पुण्यात राहतो का? नाही. बरं, 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स' म्हणाला, तर? तेव्हा राहतोय. एवढ्या दोन प्रश्नांत जे होतं, ते फळाभर व्याकरण लिहून होत नाही.

आणि इथे आपल्याला एक फायदा आहे बरं का, ज्याची कोणी जाहिरात करत नाही. आपण मराठीत म्हणतो, "मी पाच वर्षं इथे राहतोय." वर्तमानकाळ. म्हणून आपला मुलगा सरळ म्हणतो, 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' तो असं का म्हणतो, हे लंडनच्या शिक्षकाला शोधावं लागेल. तुम्हाला ते आतून माहिती आहे.

पण, आणि हा मोठा पण आहे, हा कोर्स तुम्हाला इंग्रजी शिकवत नाही. प्रवेशाच्या आधी एक लेखी काम देतात, मुलाखत घेतात, आणि इंग्रजीची पातळी वरच्या सी-१ किंवा सी-२ची लागते. म्हणजे अवघड लेख वाचून त्यावर न अडखळता बोलता-लिहिता यायला हवं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, अनेकजण तिथे पोचतात. फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी इंग्रजी, मग सर्टिफिकेट. इंग्रजी सुधारेल म्हणून सेल्टा करणं म्हणजे ड्रायव्हिंग शिकायला ट्रकचं परमिट काढण्यासारखं आहे. ज्यांना वाटतंय आपण काठावर आहोत, त्यांनी सहा महिने आणि त्यातले थोडे पैसे आधी भाषेवर घालवावेत.

दुसरा मेसेज नेहमी येतो तो असा: "सेल्टा केलं की इथल्या शाळेत नोकरी लागेल का?" झेडपीची किंवा अनुदानित शाळा डोक्यात असेल, तर नाही. तिथे वर्गाप्रमाणे डी. एल. एड. किंवा बी. एड. लागतं, पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते, मग अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. टीईटी १५० मार्कांची, खुल्या गटाला ९० हवेत. बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. यातल्या एकाही पायरीवर सेल्टा चालत नाही. आखाती देशांतल्या शाळांच्या जाहिराती काढून बघा, तिथेही बी. एड. आणि अनुभव असंच लिहिलेलं सापडेल. ज्याला शाळेतच शिकवायचंय त्याने ते लाखभर रुपये बी. एड.कडे वळवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी अध्यापनातच खोल जायचं असेल, तर हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठाचे अध्यापनाचे अभ्यासक्रमही बघा. आपल्याकडे त्यांचं नाव उगाच कमी घेतलं जातं.

पासपोर्टचा विषयही आजच काढतो, नंतर रडू नका. दक्षिण कोरियाचा ई-२ नावाचा शिक्षक व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, तिथे निळा भारतीय पासपोर्ट बघितला जातो. 'फक्त नेटिव्ह स्पीकर' अशा जाहिराती इतर देशांतही दिसतात. हा अन्याय आहे, आणि सर्टिफिकेटने तो मिटत नाही. म्हणून देश आधी ठरवा. त्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर भारतीयांसाठी काय अटी आहेत ते वाचा, आणि मगच फी भरा. एजंट काय म्हणतो ते शेवटी ऐका.

ते स्वस्त '१२० तास टेफल' कोर्स आहेत ना, रीलच्या मधेमधे येणारे, काही हजारांचे? फसवणूकच असते असं नाही. पण 'टेफल' या शब्दावर कोणाची मालकी नाही, कोणीही कोर्स काढू शकतो. त्यात बहुतेक वेळा व्हिडिओ बघून प्रश्न सोडवायचे असतात, समोर विद्यार्थी नसतोच. शिकवण्याची आवड आहे की नाही हे चाचपायला ठीक. किंवा ज्या नोकरीत फक्त कागद मागतात, तिथे. पण दोन-तीन महिने गल्लीतल्या आठ पोरांना फुकट शिकवा, त्यातून यापेक्षा जास्त कळेल. पदवी झाली असेल आणि दोन वर्षं देता येत असतील, तर टीच फॉर इंडियाची फेलोशिप आहे, पुण्या-मुंबईतही असते. तिथे तुम्ही पैसे भरत नाही, तुम्हाला मानधन मिळतं.

मग आत्ता कोणी करावं? पदवी हातात आहे, देश ठरलाय, पासपोर्ट तयार आहे, आणि कोर्स संपल्यावर तीन-चार महिने नोकरीशिवाय काढता येतील एवढी शिल्लक आहे, त्याने. किंवा जी ताई पाच-सात वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतेय आणि तिला जाणवतंय की आपण तासभर एकट्याच बोलतो, तिने. तिला तर मी म्हणेन, कोणापेक्षाही जास्त फायदा तुम्हालाच होईल. सोमवारी शिकलेलं मंगळवारी स्वतःच्या बॅचवर वापरता येतं.

महिना कोणता? थायलंडमध्ये शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मेसाठी जायचं तर कोर्स जानेवारी-फेब्रुवारीत संपलेला बरा, कारण कागदपत्रं वेळ खातात. व्हिएतनामच्या भाषा केंद्रांत भरती वर्षभर चालू असते, तिथे एवढी घाई नाही.

आणि सेंटरला फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: शिकवण्याचे सहा तास कोणत्या विद्यार्थ्यांबरोबर असतात, एका ट्रेनरमागे किती जण, आणि मधेच कोर्स सोडावा लागला तर किती पैसे परत मिळतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर मागा.

पुढच्या भागात त्या प्रवेशपूर्व लेखी कामातले प्रश्न एकत्र सोडवू. तोपर्यंत वर सांगितलेली दोन वाक्यं, 'लिव्ह्ड' आणि 'हॅव लिव्ह्ड', घरातल्या कोणालातरी समजावून बघा. "समजलं का?" न विचारता. भेटू!