आठव्या दिवशी कोण?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीने मला सांगितलं, "तू चर्चच्या युवक मंडळाचं काम बघतेस, तर तुमच्या त्या बावखलाच्या सेवासप्ताहाबद्दल दहा-बारा मिनिटं बोल." मी म्हटलं, आपल्या वर्गातले सगळे काही चर्चला जाणारे नाहीत, त्यांना यात काय रस असणार? त्यावर समितीतला मित्र म्हणाला, "अगं, बावखलाला कुठे धर्म असतो?" या एका वाक्याच्या जोरावर मी तुमच्यासमोर उभी आहे.

इथल्या निम्म्या लोकांना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. पण आज आपली मुलं, सुना-जावई सोबत आलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आपल्या आधीच्या पिढ्यांनी वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची तळी खोदली. तीच बावखलं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू जमिनीत मुरायचं, आणि आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या राहायच्या. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. जमिनीखाली गोड्या पाण्याचा भार असेल तोवर खारं पाणी आत सरकत नाही. तो भार कमी झाला की विहीर मचूळ होते. बावखलावर रहाट असायचा, बैल फिरायचा, मडकी भरून वर यायची आणि पाटाने पाणी केळी, पानवेल, फुलं, भाजीपर्यंत जायचं. आपली सुकेळी, आपली पानं या पाण्यावर झाली.

पुढे इंजिन आलं, मग विजेचा पंप, मग बोअर. रहाट गेला आणि बावखलाकडे रोज बघणारा माणूसही गेला. पाठोपाठ इमारती आल्या, टँकर आले. आपण शाळेत होतो त्याच सुमाराला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली होती. पाणी आणि जमीन वाचवण्यासाठी तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. फादर पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये आपल्यातून गेले. त्यांचं नाव घेतल्याशिवाय वसईत पाण्याबद्दल बोलता येत नाही.

आता सेवासप्ताहाकडे येते. आमच्या चर्चमध्ये दर उपवासकाळात युवक मंडळ एक आठवडा सेवेसाठी देतं. वृद्धाश्रमाला भेट, रुग्णांना फळं, जुने कपडे गोळा करणं, असं दरवर्षी चालायचं. २०२३ मध्ये उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे १२ मार्चला, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शमरोनी स्त्रीचं शुभवर्तमान वाचलं जाणार होतं. त्याच्या आदल्या बैठकीत एका मुलीने विचारलं, "आपण दरवर्षी पाण्यावरचं प्रवचन ऐकतो, आणि चर्चमागच्या बावखलात तर थर्माकोल तरंगतोय. त्याचं काय?" सगळे गप्प बसले. सप्ताहाचा विषय तिथेच ठरला: सोमवार १३ ते रविवार १९ मार्च, एक बावखल.

दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे ती मुलं वगळली. उरली अठ्ठावीस. कॉलेजातली जास्त, काही नुकती नोकरीला लागलेली.

पहिलं काम परवानगीचं. बावखल म्हणजे सरकारी तलाव नव्हे, ती कुणाच्या तरी वाडिलोपार्जित वाडीतली जागा असते. या बावखलाचे अकरा वारस निघाले. सहा गावात, एक मुंबईत, चार परदेशी. मुलांना वाटत होतं, चांगल्या कामाला कोण नाही म्हणणार? मी त्यांना दोघादोघांच्या जोडीने घरोघरी पाठवलं. तेव्हा त्यांना कळलं की ही जागा भरणी करून विकायची बोलणी चालू आहेत. दोन घरांचा भरणीला होकार होता. एका घरात मुलीचं लग्न होतं, दुसऱ्या घरात आजारपणाचं कर्ज. यात लोभ वगैरे काही नव्हतं, गरज होती. मुलांनी हे आधी ऐकून घेतलं हे फार बरं झालं. त्या दोन्ही घरांनी साफसफाईला हरकत घेतली नाही, पण स्पष्ट सांगितलं, "साफ करा, पण उद्या आम्ही विकलं तर बोलू नका."

दुसरं काम सुरक्षेचं. सर, तुम्ही श्रमदानाच्या तासाला आधी फावडं कसं धरायचं ते शिकवायचात आणि मगच खड्ड्याजवळ जाऊ द्यायचात. तीच पद्धत मी चालवली. ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्यात उतरायचं नाही. पायाला जखम असेल तर पाण्यात बंदी, कारण उंदरांमुळे लेप्टोची भीती. प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं हवं. गमबूट, हातमोजे, कमरेला दोर, काठावर कायम दोन पोहणारे आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब. काम सकाळी साडेसहा ते दहा. उन्हात कुणी शौर्य दाखवायचं नाही.

बावखल दोन-अडीच गुंठ्यांचं असेल, पण पाणी दिसतच नव्हतं. वर जलपर्णीचा गालिचा. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर, जांभळं. पण ती पाणी झाकते, उजेड आत जाऊ देत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. एका रोपाला आडव्या फांद्या फुटून नवी रोपं तयार होतात, शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. आम्ही दोराला पंजे बांधून ती काठाकडे ओढली आणि वाडीत पसरून वाळवली. ओली असताना ती नाल्यात फेकायची नाही, हा नियम. नाहीतर आपलं दुखणं शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकल्यासारखं. वाळल्यावर तिचं खत झालं.

जलपर्णीखाली बाकीचं सगळं होतं. बाटल्या, चपला, गाद्यांचा कापूस, सजावटीचा थर्माकोल, औषधांची पाकिटं. बुधवारी एका मुलाच्या पंजाला फ्रेम लागली. गणपतीचा जुना फोटो होता. तो ती बाजूला ठेवतोय तोवर दुसरी निघाली, येशूच्या पवित्र हृदयाची. काच फुटलेली, कागद भिजलेला. तोवर मुलांच्या बोलण्यात "ते चाळीतले लोक कचरा टाकतात" हे वाक्य सारखं यायचं. त्या दुसऱ्या फ्रेमनंतर ते थांबलं. दोन्ही फ्रेम मुलांनी धुतल्या. गणपतीच्या फोटोचं काय करायचं हे चाळीतल्या एका आजींना विचारलं. त्यांनी तो पदरात घेतला.

त्या आजींमुळे चाळीत शिरायला वाट मिळाली. पलीकडच्या चाळीत राहणारी कुटुंबं कामासाठी आलेली, कुणी मराठवाड्यातली, कुणी उत्तरेकडची. त्यांचं म्हणणं साधं होतं. गल्ली अरुंद, कचऱ्याची गाडी आत वळत नाही. ती नाक्यावर आठ वाजता येते, आणि त्याआधीच घरातली दोन्ही माणसं कामावर गेलेली असतात. मग कचरा कुठे ठेवायचा? अठ्ठावीस मुलांनी तीन दिवस कचरा उपसला होता, पण तो तिथे का पडतो हे चौथ्या दिवशी विचारल्यावर कळलं. नाक्यावर झाकणाचे दोन ड्रम ठेवायचं ठरलं. रात्री घरच्यांनी त्यात टाकायचं आणि सकाळी गाडी आली की कुणीतरी रिकामे करून घ्यायचे. हा 'कुणीतरी' कोण, हे मात्र ठरत नव्हतं.

आणि गुरुवारी नेमका तोच प्रश्न समोर आला. वारसांमधले सगळ्यात वयस्कर काका, वय ऐंशीच्या पुढचं, रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून बसायचे. बोलायचे नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मधल्या भागात पाणी उघडं पडलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बाय, सात दिवस तुम्ही काढाल. आठव्या दिवशी कोण?"

मित्रांनो, सेवासप्ताह घेणाऱ्या कुणालाही याहून अवघड प्रश्न विचारता येत नाही. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी स्वतः लहानपणी त्या काठावर रहाटाचे बैल हाकले होते. बावखल कशामुळे स्वच्छ राहत होतं हे त्यांना ठाऊक होतं: कुणी सप्ताह पाळत होतं म्हणून नाही, रोज तिथे कुणाचं तरी काम होतं म्हणून. मी तो प्रश्न तसाच मुलांपुढे ठेवला आणि सांगितलं, याचं उत्तर मिळत नसेल तर उद्यापासून आपण फावडी परत करू.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट झाल्यावर आमच्या सभागृहात बैठक बसली. गावातले वारस, चाळीतली चार माणसं, फादर आणि आमची मुलं. परदेशातले वारस व्हिडिओ कॉलवर. एक कुवेतहून, एक कॅनडाहून. तिथे सकाळ होती, तो ऑफिसला जायच्या घाईत होता. बोलणी गोड झाली असं सांगणार नाही. भरणीला होकार दिलेल्या घरातले दादा म्हणाले, "तुम्हाला पक्षी हवेत, मला मुलीच्या लग्नाचे पैसे हवेत." कुणी त्यांना उपदेश केला नाही. एका मुलीने फक्त विचारलं, "बावखल सोडून वरची मोकळी पट्टी वेगळी करता येईल का?" त्यावर तासभर खल झाला. कॅनडातल्या वारसाने आपला हिस्सा विकायचा नाही असं सांगितलं. काका म्हणाले, "मी आहे तोवर भरणीच्या कागदावर माझी सही नाही." दादांनी 'हो' म्हटलं नाही, पण दोन वर्षं थांबायचं कबूल केलं.

आणि आठव्या दिवसाचं उत्तर? ते वहीत लिहिलं गेलं. वर्षाचे बावन्न आठवडे. एक सप्ताहाचा, उरले एक्कावन्न. दर शनिवारी सकाळी तासभर दोघांनी जायचं: एक युवक मंडळाचा, एक चाळीतला. जलपर्णीचं नवं रोप दिसलं की मुळासकट काढायचं, फूल येईपर्यंत वाट बघायची नाही. ड्रम रिकामे करायची पाळी चाळीतल्या दोन घरांनी घेतली. ज्या घरांना सकाळी निघावं लागतं ती महिन्याला थोडे पैसे देतात. पाण्यात गप्पी मासे सोडले, डासांसाठी. आणि वारसांपैकी एकाने छोटा पंप बसवून वाडीत पुन्हा भाजी लावली. या शेवटच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. ज्याला त्या पाण्याची रोज गरज आहे, तो ते घाण होऊ देत नाही.

आज दोन वर्षं झाली. वहीत कोऱ्या जागाही आहेत, विशेषतः परीक्षा आणि मे महिन्यातल्या लग्नसराईच्या. एकदा जलपर्णीने पाव बावखल पुन्हा व्यापलं होतं, ते दोन रविवार खपून काढलं. काका गेल्या पावसाळ्यात गेले. खंड्या येतो, पाणकोंबडी दिसते. दादांनी मुलीचं लग्न केलं, त्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं. ते फिटलेलं नाही आणि त्यांनी दिलेली दोन वर्षांची मुदत संपली आहे. म्हणजे या बावखलाचा निकाल अजून लागायचा आहे. ते वाचलं, असं म्हणायला मी इथे आलेले नाही.

मुलांमध्ये काय बदललं, हेही विचारलं जातं. एवढंच सांगते: या वर्षी सप्ताहाची बैठक झाली तेव्हा कुणीही 'काय करायचं' पासून सुरुवात केली नाही. पहिला प्रश्न आला, "तिथे राहतं कोण, आणि त्यांना विचारलंय का?" पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपलं सामाईक घर म्हटलं. सामाईक घरात झाडू मारायच्या आधी घरातल्या बाकीच्यांशी बोलावं लागतं, हे आमची मुलं चिखलात उभी राहून शिकली.

आता तुमच्याशी थोडं सरळ बोलते. आपला वर्ग आज जगभर पांगलाय. कुणी दुबईत, कुणी इस्रायलमध्ये, कुणी पुण्यात, कुणी इथेच. पण तुमच्यापैकी अनेकांचं नाव वसईतल्या कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर अजून आहे. त्या वाडीत कदाचित एखादं बावखल आहे, जे तुम्ही पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. एक दिवस घरून फोन येईल, "सही पाठव." माझी विनंती एवढीच, सही करण्याआधी एक प्रश्न विचारा: या जागेत पाणी आहे का? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार बुडालं, रेल्वे बंद पडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं किंवा बातम्यांत बघितलं. पाणी साठायच्या आणि मुरायच्या जागा बुजवत गेलो, तर पावसाने जायचं कुठे? आणि विकण्यावाचून गत्यंतर नसलेला तुमचा भाऊ, चुलतभाऊ असेल, तर त्याला नुसतं 'विकू नको' म्हणू नका. त्याची अडचण वाटून घ्या. आमच्या दादांनी थांबायचं कबूल केलं, ते त्यांचं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं म्हणून.

जे गावात आहेत त्यांना आमंत्रण: शनिवारी सकाळी सात वाजता या. वहीत जागा रिकामी आहे. चर्चला येण्याची अट नाही, पोहता आलं तर उत्तम, नाही आलं तर काठावर भरपूर काम आहे. चहा चाळीतल्या आजींकडे.

या शाळेने आपल्याला एका बाकावर बसवलं, तेव्हा कोण कुठल्या आळीतला हे कुणी विचारलं नाही. आमच्या बाईंनी आणि सरांनी दिलेली ती सवय मला सेवासप्ताहात फार कामी आली. त्यांना मनापासून नमस्कार करते आणि थांबते.