सोयाबीनचं प्रात्यक्षिक आपल्याच रानात



सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला सोयाबीन आता घरचंच पीक झालं आहे. पण एकाच शिवारात, एकाच पावसावर एकाची पोती भरतात आणि बांधाला बांध असलेल्याचा खर्चही निघत नाही. असं का होतं, हे शेतावरच दिसावं म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९९०-९१ पासून तेलबियांची आद्यरेषा प्रात्यक्षिकं सुरू केली. नाव जड, काम सोपं. शेतकऱ्याच्या रानात एका बाजूला शिफारशीप्रमाणे पीक, दुसऱ्या बाजूला नेहमीच्या पद्धतीचं, आणि शेवटी दोन्हींचं वजन. बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात याची चौकशी करा.

तुम्ही म्हणाल, "साहेब, प्रात्यक्षिकाला बी फुकट, खत फुकट, रानही गावातलं चांगलं. तिथं पीक येणारच!" तक्रार रास्त आहे. म्हणून हट्ट धरा, की दोन्ही तुकडे एकाच मगदुराचे आणि एकाच दिवशी पेरलेले असावेत. विहिरीकडचा तुकडा एका पद्धतीला आणि चिबड तुकडा दुसरीला दिला, तर ती जमिनीची परीक्षा होईल. केंद्राचं प्रात्यक्षिक वाट्याला आलं नाही तर स्वतःच पाच-पाच गुंठ्यांत करून बघा.

वाणाचं म्हणाल, तर २०१६ मध्ये प्रसारित झालेला फुले संगम, म्हणजे के.डी.एस. ७२६, आपल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा. के.डी.एस. ही अक्षरं डिग्रजचीच! तांबेरा आपल्या भागाचा जुना वैरी. हा वाण त्याला बराच तग धरतो. मात्र जे.एस. ३३५ पेक्षा काही दिवस जास्त घेतो. मागून रब्बीची घाई असेल तर आधी विचार करा.

पण माझ्या मते निम्मा फरक वाणाचा नसतो, उगवणीचा असतो. सोयाबीनचं टरफल फार नाजूक. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोती आदळली, की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतला कोंब मेलेला असतो. घरचं बी असो वा विकतचं, पेरणीआधी शंभर दाणे सरसकट मोजून घ्या, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं मोजा. सत्तर चांगले उगवले तर एकरी ३० किलो बी पुरे. साठच उगवले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी असेल तर ते बी पेरू नका. लहान शेतकऱ्याला दुबार पेरणी म्हणजे बी गेलं, घातही गेली.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग किलोला २५ ग्रॅम रायझोबियम, आणि सावलीत सुकवणं. हा क्रम उलटा करू नका. बुरशीनाशकाचं प्रमाण पाकिटावर असतं, तेच घ्या. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावर, वाफशावर, दोन ओळींत दीड फूट ठेवून पेरा. बी दीड इंचापेक्षा खोल नको. कुरीमागं चालणाऱ्याचं लक्ष इथंच हवं. भांगलण आणि कोळपणी तुम्हाला मी काय सांगावी!

आता निकाल. अंदाजानं सांगू नका. दोन्ही तुकड्यांत मध्यभागी ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा एक-एक गुंठा दोरीनं आखा. त्याची काढणी, मळणी वेगळी करा, वाळवा आणि तोला. आलेल्या किलोंना चाळीसनं गुणलं की एकराचा आकडा मिळतो. गुंठ्याला २५ किलो म्हणजे एकरी १० क्विंटल. दोन तुकड्यांत पाच किलोचा फरक पडला, तर एकरी दोन क्विंटल झाले. त्यातून बी, औषध, खताचा जादा खर्च वजा करा आणि मगच पुढच्या सालाचं ठरवा. कधी वजन वाढतं पण पैसा वाढत नाही, तेही वहीत लिहा.

तोलायच्या दिवशी शेजाऱ्यांना काट्यापाशी बोलवा. आणि चांगल्या तुकड्यातलं पुढच्या सालासाठी ठेवाल ते बी हळू फिरणाऱ्या यंत्रावर किंवा काठीनं हलकं झोडून घ्या. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, थप्पी उंच रचू नका.