पानाची पाठ पाहावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सभेत पाककृतींवर, भरतकामावर, आरोग्यावर बोलणाऱ्या पुष्कळ झाल्या. या वेळी चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही कुंडीतल्या जास्वंदीवर बोला. पाने मुरडतात, कळ्या गळतात, ही तक्रार घरोघर आहे." मी सातवीपर्यंत शिकलेली. पण माझे माहेर मुरबाड तालुक्यातले. वडील मिरची लावीत, त्यामुळे मुरडलेले पान मी लहानपणापासून पाहत आले. तेव्हा पाहिलेले आणि हाताने केलेले तेवढेच सांगते.

डोंबिवली काय, कल्याण काय नि ठाणे काय, आपल्या वाट्याला अंगण नाही. गॅलरीच्या ग्रिलमध्ये चार कुंड्या बसतात. त्यांत तुळस, मोगरा, जमल्यास अनंत. पण लाल जास्वंद मात्र हवीच. भाद्रपदात बाजारात फुलाला काय भाव येतो, तो तुम्ही जाणताच.

पान मुरडले की आपण आधी पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी आणखी घालतो. मग कोणी सांगते, खत कमी पडले. कोणी सांगते, दृष्ट लागली. शेवटी कोणी औषधाची बाटली आणून देते. ताप कशाचा हे न पाहता गोळी द्यावी, तसला हा प्रकार. औषधाच्या आधी पान उलटे करावे आणि त्याची पाठ पाहावी. माझ्याकडे सासऱ्यांचे पंचांग वाचायचे भिंग आहे, ते मी याच कामाला ठेवले आहे.

मुरड कोठे आहे, हे प्रथम बघा. दुपारी सगळेच झाड मलूल दिसते आणि संध्याकाळी ताठ होते, तर तो उन्हाचा ताप. किडीचा दोष नाही. माती ओलीगच्च असूनही पाने लोंबतात, खालची पिवळी पडतात, तर कुंडीचे भोक बुजलेले असते आणि मुळे गुदमरतात. पावसाळ्यात आपल्याकडे हेच फार. तिथे काडीने भोक मोकळे करावे, कुंडी दोन विटांवर ठेवावी, आणि बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागेपर्यंत पाणी घालू नये.

पण जुनी पाने धड आहेत आणि शेंड्याची कोवळी पानेच आखडून गुच्छ झाला आहे, तर खात्रीने समजा की कोणीतरी रस पीत बसले आहे. हिरवे-काळे, टाचणीच्या डोक्याएवढे, दाटीवाटीने बसलेले असतील तर तो मावा. कापसाचे कण चिकटल्यासारखे दिसले तर पिठ्या ढेकूण. पान झटकताच पांढरे चिलट उडाले तर पांढरी माशी. पानावर बारीक ठिपके, मागे कोळ्याच्या जाळ्यासारखी तार, असे चैत्र-वैशाखात दिसले तर लाल कोळी. आमच्या मिरचीत वडील पानाच्या वळणावरूनच ओळखत: होडीसारखे वर वळले तर फुलकिडे, उलट्या होडीसारखे खाली वळले तर कोळी. बोकड्या आला, असे म्हणून गाव मोकळे होई. वडील मात्र पान उलटून बघत.

आणि मुंग्या! कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आपण साखर कोठे सांडली ते शोधतो. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा टाकतात, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्या किडीची राखण करतात. त्याच चिकट्यावर पुढे काजळी धरते. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली तरी पुरते. फक्त ते पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

आमच्या इमारतीत एक आजी आहेत. कल्याणला पारनाक्याजवळचा त्यांचा वाडा पाडला, तेव्हा विहिरीकाठच्या जास्वंदीची एक फांदी तेवढी त्यांनी बरोबर आणली. ती लागली, वाढली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडे आखडले. कोणी सल्ला दिला, उपटून टाका. दुसऱ्याने शेतावर मारायचे जालीम औषध आणून दिले. त्याच गॅलरीत पापड वाळतात, दीड वर्षाचा नातू रांगतो, आणि त्या फुलांचे तेल सुना केसांना लावतात! 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व मजूर दगावले, ते उघड्या शेतात. चार हातांच्या गॅलरीत ते विष कशाला आणायचे? मी आजींना बाटली उघडूच दिली नाही.

पान उलटले तो पिठ्या ढेकूण. कुंडी इतर झाडांपासून दूर नेली. फार आखडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाकले. उरलेल्या फांद्यांवरचा कापूस साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या जुन्या ब्रशाने काढला. मग लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल; ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या पातळ साबणात घोटून घेतले. धुण्याची पावडर वापरू नये, पाने करपतात. पहिल्या दिवशी दोनच पानांवर मारून पाहिले. मग ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीवर, आठवड्यातून एकदा असे तीन वेळा. एका फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, म्हणून तीन वेळा. मावा असता तर पाण्याच्या जोरदार धारेनेच निम्मे काम झाले असते.

या पिठ्या ढेकणाचा प्रताप मोठा आहे. 1994 साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर जास्वंदीवरच्या अशाच ढेकणाने थैमान घातले आणि तो शेजारच्या बेटांवर पसरला. तो आवरला ढाल किड्याने आणि एका बारीक गांधीलमाशीने. तोच ढाल किडा आपल्या देशात 1898 साली ऑस्ट्रेलियातून आणला होता. त्याची अळी पांढरी, झुपकेदार, अगदी ढेकणासारखी दिसते. पण आकाराने मोठी आणि भरभर चालते. ती दिसली तर चिरडू नका, आणि ती असेतोवर फवारूही नका.

एका दुखण्याला मात्र औषध नाही. पान वाटीसारखे वळले, मागच्या शिरा जाड झाल्या, आणि कीड नसतानाही नवे पान तसेच येते, तर तो विषाणू असू शकतो. तो पांढऱ्या माशीतून येतो. जास्वंद भेंडी-कापसाच्या कुळातली, त्यामुळे शेजारी भेंडी लावली असेल तर तीही सांभाळा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून टांगला की माशी चिकटते. झाड फारच खंगले तर मन घट्ट करून काढावे.

दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते, "फवारले, पण पाने सरळ झाली नाहीत." मुरडलेले पान सरळ होत नसते, बायांनो. नवे पान कसे येते, ते बघायचे. आजींच्या झाडाला तिसऱ्या आठवड्यात नवी पालवी सपाट आली, आणि पुढे कळ्या धरल्या. मधल्या काळात युरिया घालण्याची घाई करू नये. कोवळी फूट जास्त येते आणि किडीला मेजवानी होते.

पुढच्या सभेला ज्यांची पाने मुरडली असतील त्यांनी एकेक पान आणावे, पण बंद पिशवीत, म्हणजे कीड दुसऱ्यांच्या घरी जाणार नाही. भिंग मी आणते.