नाताळची पेटी

बेळगावच्या कॅम्पात आमच्या एका स्नेह्यांकडे नाताळच्या रात्री पियानोभोवती जमून गाण्याचा प्रघात आहे. गेल्या वर्षी मात्र पावसाळ्याच्या ओलीने पियानोच्या पट्ट्या फुगून अडकल्या होत्या. यजमानीणबाई अगदी खट्टू झाल्या. तोच शेजारचे भजनीबुवा आपली पेटी घेऊन आले. (हार्मोनियमही मूळची परदेशीच, पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले.) “सूर कोणता धरू?” बुवांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो! अखेर आजीबाईंनीच कोंकणी गीत आरंभिले आणि बुवांनी त्यांचा सूर बिनचूक पकडला. मग मराठी, मग कानडी. कानडी गीताला मी नुसता हुंकार भरीत होतो. जन्म बेळगावात गेला तरी शब्द येत नव्हते. ते आता देवनागरीत उतरवून घेतले आहेत. लिपी अद्याप शिकावयाची आहे.