‘मुदत संपली’ म्हणतात तेव्हा



मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एकीनं हळूच विचारलं, "बँकेत एफडी म्हणून पैसे ठेवले आणि निघाली विम्याची पॉलिसी. आता दीड वर्ष झालं. काही होईल का गं?" तिला मी माझ्या थोरल्या जाऊबाईंची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

दीर गेले, त्यांच्या फंडाचे दोन लाख आले. बँकेतला मुलगा म्हणाला, "काकू, एकदाच भरा, एफडीपेक्षा जास्त मिळेल. फोन येईल, सगळ्याला हो म्हणा." काकू हो म्हणाल्या. पुढच्या वर्षी पत्र आलं, दुसरा हप्ता दोन लाख भरा, आणि असे दहा वर्षं! एकसष्ट वर्षांची बाई, घरी पेन्शनसुद्धा नाही.

आम्ही कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करायची सोय होती, ती मुदत संपली, आता काही करता येत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "संपलं." मलाही तसंच वाटलं होतं.

पण ती 30 दिवसांची मुदत कारण न सांगता पॉलिसी परत करण्याची आहे. खोटं सांगून गळ्यात मारली, ही तक्रार वेगळी. तिच्यासाठी विमा लोकपाल आहेत, पुण्यात आणि मुंबईतही त्यांचं कार्यालय आहे. तिथं जायला एक वर्ष मिळतं, आणि ते वर्ष पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत. कंपनीनं तुमची लेखी तक्रार नाकारली, तिथून मोजतात. महिनाभरात उत्तरच आलं नाही, तर तो महिना संपल्यापासून. म्हणजे ज्या पत्रानं जाऊबाई रडल्या, त्याच पत्रानं पुढचं दार उघडलं होतं. ते वर्षही उलटलं असेल, तरी योग्य कारण असल्यास लोकपाल कंपनीचं म्हणणं ऐकून उशीर माफ करू शकतात. अर्थात म्हणून स्वस्थ बसू नका. इतके दिवस गप्प का होता, हे विचारलं जातंच.

फी नाही, वकील चालत नाही. आपलं आपण बोलायचं. जाऊबाईंना याचीच धास्ती होती. पण खरं काम केलं ते पॉलिसीला जोडलेल्या अर्जाच्या प्रतीनं. त्यात त्यांचा धंदा ‘दूध व्यवसाय’ आणि उत्पन्न वर्षाला सहा लाख लिहिलं होतं. आमच्या गोठ्यात म्हैस नाही, गोठाच नाही! सुनावणीत जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, ह्या म्हशी कुठं आहेत ते कंपनीलाच विचारा." त्या ‘हो हो’ म्हटलेल्या फोनचं रेकॉर्डिंगही आम्ही मागितलं होतं, ते काही कंपनीनं आणलं नाही. दोन लाख परत मिळाले. व्याज नाही मिळालं, त्याची चुटपुट आहेच.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथं दोन वर्षांची मुदत असते, आणि सबळ कारण दाखवलं तर उशीर तिथंही माफ होऊ शकतो. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, तेव्हा आधी ठरवा. विमा नियामकाचा फुकट फोन आहे 155255, त्यावरही तक्रार नोंदवता येते. बँकेत तोंडी भांडून आलात तर ती तक्रार मोजत नाहीत. लेखी द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा.

गटातल्या त्या मैत्रिणीचा अर्ज आम्ही मंगळवारी दुपारी लिहायला बसतोय. तुमच्याकडे असा कागद असेल तर पिशवीत घालून तसाच घेऊन या. पाकीटसुद्धा टाकू नका, त्यावर पोस्टाच्या तारखेचा शिक्का असतो.